नेम धरला की समोरच्याला खोकला येतो! पूलवाल्यांनो, तुम्ही काय करता?

गोदाकाठचा_नेमबाज | रविवार, रात्री ११:४२

काल हरलो. अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढतोय.

कॉलेज रोडच्या एका तळघरातल्या पार्लरमध्ये लोकल स्पर्धा होती. नाव सांगत नाही, नाशिक लहान आहे. नाइन बॉल, म्हणजे नऊ नंबरचा बॉल पाडला की डाव (रॅक) जिंकला. रेस टू फाइव्ह, आधी पाच रॅक घेणारा विजेता. मी ४-३ ने पुढे. टेबलवर आठ आणि नऊ उरलेले. आठ सरळ होता, पाडला, व्हाईट (ज्याला क्यू मारतो तो पांढरा बॉल) हवा तिथे येऊन थांबला. आता नऊ, मधल्या पॉकेटला, थोडासा कट. दहातले नऊ वेळा पाडतो असा बॉल.

वाकलो. समोरचा भिडू खुर्चीत नव्हता. बरोब्बर त्याच पॉकेटच्या मागे, पांढराशुभ्र टी-शर्ट घालून उभा, आणि क्यूला, म्हणजे खेळायच्या काठीला, चॉक लावतोय. पाळी माझी, चॉक त्याचा. एकदा क्यू मागेपुढे केला, दोनदा केला, शेवटचा मागे ओढला आणि तेवढ्यात "किती वाजले रे?"

त्याच्या डोक्यावर भिंतीवर हे एवढं मोठं घड्याळ आहे.

नऊ पॉकेटच्या तोंडात थडथडला आणि बाहेर राहिला. त्याने पाडला, ४-४. शेवटच्या रॅकमध्ये माझे हात माझे राहिलेच नव्हते. ५-४.

हे काही एकदाच झालं नाही. दुसऱ्या रॅकनंतर हेच साहेब येऊन म्हणाले, "काय स्ट्रोक आहे राव आज तुझा! कोपर एकदम सरळ. क्लास लावलास काय?" मी मूर्खासारखा खूश झालो आणि पुढचे दोन रॅक कोपराकडे बघत खेळलो. मग बुलेटची किल्ली. ती बोटाभोवती फिरवायची आणि मी वाकलो की थांबवायची. खळखळ थांबली की ती जास्त ऐकू येते, हे मला काल कळलं.

हरल्यावर मी जरा जास्तच बोललो. मार्कर (पार्लरची टेबलं सांभाळणारा) म्हणाला, आवाज खाली. म्हणजे सामना गेला आणि वाईटपणाही माझ्याच पदरात.

नियम काय म्हणतो, तुम्ही काय करता, सांगा. फक्त "दुर्लक्ष करा" म्हणू नका.

सातपूरचा_सँडी | रविवार, रात्री ११:५०

दुर्लक्ष करा.

(ह. घ्या.)

रोखठोक_७७ | सोमवार, सकाळी ८:१५

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हा खेळाचाच भाग आहे. क्रिकेटमध्ये स्लेजिंग चालतं, तिथे कोणी धागे काढत नाही. डोकं थंड ठेवणं हेही कौशल्यच. सहन होत नसेल तर घरी कॅरम खेळावा.

सातपूरचा_सँडी | सोमवार, सकाळी ८:३१

कॅरम?? आमच्या चाळीत तुम्ही कधी कॅरम खेळला नाहीत वाटतं. स्ट्रायकर मारणार तेवढ्यात बोर्डाला गुडघा लावणं आणि पावडर फुंकणं यात आमच्या आजोबांचा हात धरणारा कोणी नव्हता.

तिसरा_पंच | सोमवार, सकाळी १०:०५

रोखठोक, क्रिकेटचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. दोन चेंडूंच्या मधली बडबड वेगळी. फलंदाज चेंडू घ्यायच्या तयारीत असताना क्षेत्ररक्षकाने मुद्दाम त्याचं लक्ष विचलित केलं तर त्याला क्रिकेटच्या कायद्यात स्वतंत्र कलम आहे, ४१.४. चेंडू डेड आणि फलंदाजी करणाऱ्या संघाला ५ धावा दंडाच्या.

पूलमध्येही तसंच. जागतिक संघटनेच्या, म्हणजे डब्ल्यूपीएच्या नियमांत खेळाडूवृत्तीला न शोभणाऱ्या वर्तनाचं कलम आहे आणि त्याच्या उदाहरणांत प्रतिस्पर्ध्याचं लक्ष विचलित करणं थेट लिहिलेलं आहे. मुद्दाम वेळ काढणंही त्यातच येतं. शिक्षा रेफरीच्या हातात: ताकीद, साधा फाऊल, रॅक काढून घेणं, पार स्पर्धेबाहेर काढण्यापर्यंत. नाइन बॉलमध्ये तर फाऊल म्हणजे बॉल इन हँड (समोरच्याने व्हाईट हवा तिथे ठेवून खेळायचं), आणि लागोपाठ तीन झाले की रॅकच गेला. तेव्हा साध्या फाऊलचाही धाक पुरेसा असतो.

आता गंमत ऐका. रेफरी नसेल तेव्हा काय? त्याच नियमावलीत म्हटलंय की जो खेळाडू शॉट खेळत नाहीये त्याने रेफरीचं काम पाहायचं. म्हणजे नेमबाज, काल तुमच्या सामन्याचा रेफरी तोच किल्लीवाला होता. करा तक्रार!

अजून एक. समोरचा बोलला की ते शार्किंगच (मुद्दाम लक्ष उडवणं), असं नाही. तुमचे लागोपाठ दोन फाऊल झाले असतील तर तसं सांगणं त्याचं कामच आहे. दोन बॉल चिकटल्यासारखे असतील आणि आधी कुठला लागतोय ते बघायला कोणाला तरी बोलवायचं असेल, तर त्याने तुम्हाला थांबवावंच. फक्त हे सगळं तुम्ही वाकायच्या आधी. क्यू मागे गेल्यावर नाही.

आणि प्रेक्षकाने धक्का दिला किंवा टेबलवर काही पडलं तर ते बाहेरचं विघ्न. निकालावर परिणाम झाला असेल तर बॉल जागेवर ठेवून शॉट परत. समोरच्या खेळाडूला "बाहेरचा" म्हणता येत नाही, म्हणून कालचा नऊ तुम्हाला परत मिळाला नसता.

गोदाकाठचा_नेमबाज | सोमवार, सकाळी १०:२०

पंच, धन्स. रेफरी तोच होता, हे वाचून हसावं की रडावं कळेना.

घोडा_अडीच | सोमवार, दुपारी १:१०

अवांतर, पण राहवत नाही. १९७८ साली फिलिपिन्समध्ये बागिओला कार्पोव्ह आणि कोर्चनॉय यांची बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाची लढत झाली. कार्पोव्हच्या गोटातला एक मानसशास्त्रज्ञ प्रेक्षकांत बसून कोर्चनॉयकडे टक लावून बघायचा. कोर्चनॉय आरशासारख्या काचांचा चष्मा लावून आला. कार्पोव्हला मध्येच दही आणून दिलं त्यावरही तक्रार झाली, त्यात खूण असेल म्हणून! शेवटी दही किती वाजता येणार आणि कुठलं, हे ठरवावं लागलं.

बुलेटची किल्ली त्यामानाने साधीच.

मार्कर_होतो | सोमवार, रात्री १२:३०

दुकान बंद करून आता वाचलं. आठ वर्षं मार्करचं काम केलंय, सिडकोत. आता स्वतःचं वेगळं दुकान आहे, पूलचं नाही.

भो, मार्करला सगळं दिसतं. रॅक लावताना, बॉल पुसताना, टेबलाचा टाईम लिहिताना आपण बघतच असतो. हे उद्योग करणारी माणसं ठरलेली असतात आणि ती सगळ्यांसोबत करत नाहीत. जो चिडतो त्याच्यासोबतच करतात. एकदा चिडलेला दिसला की पुढच्या महिन्याचं गिऱ्हाईक पक्कं.

तुझी चूक एवढीच की तू सामना संपल्यावर बोललास. हरल्यावर आलेली तक्रार रड म्हणूनच ऐकली जाते, मग ती किती का खरी असेना. सामना सुरू व्हायच्या आधी येऊन सांगायचं, "दादा, दोघांच्या खुर्च्या काउंटरच्या बाजूला लावा ना, बसूनच खेळू." त्यात कोणाचं नाव नाही, भांडण नाही. बऱ्याच मोठ्या स्पर्धांत पाळी नसलेल्याने खुर्चीत बसायचं असंच असतं, त्यामुळे कोणी नाही म्हणत नाही.

आणि मधे त्रास झाला तर क्यू टेबलाला टेकवून ठेव आणि मार्करला हाक मार. "जरा इथे उभे राहता का?" एवढंच. कारण सांगू नको. मी नुसता टेबलाशेजारी येऊन उभा राहिलो की निम्म्या लोकांचा खोकला बरा व्हायचा.

मालकाचंही बघा पण. त्याला सगळी गिऱ्हाइकं सांभाळायची असतात. हरणाऱ्याने टेबलाचे पैसे द्यायचे असं ठरवून खेळणारे रोज येतात, स्पर्धा महिन्यातून एकदा. मार्करने रोजच्या गिऱ्हाइकाला टोकलं तर मार्करलाच ऐकावं लागतं. म्हणून कोणी स्वतःहून मधे पडत नाही. हाक मारलीत तर येता येतं.

तांबडी_तीन | मंगळवार, सकाळी ९:४५

मार्करदादांना अनुमोदन.

रोखठोक, "सहन होत नसेल तर खेळू नका" हे मी गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत प्रत्येक तळघरात ऐकलंय. मुलगी टेबलवर आली की शेजारचं टेबल थांबतं. समोरच्याला काही करावंच लागत नाही, प्रेक्षक करतात. "मॅडम, जरा पातळ घ्या." "मॅडम, व्हाईट जाईल हं." फुकटचे प्रशिक्षक! आणि भिडू हसत म्हणतो, "आरामात घ्या, घाई नाही." हे आरामात घ्या ऐकलं की माझा पुढचा शॉट घाईतच जातो, हमखास.

मी सुरुवातीला हेडफोन लावून बघितले. अमेरिकेचा अर्ल स्ट्रिकलंड, पाच वेळा यूएस ओपन नाइन बॉल जिंकलेला, तो कानांवर आवाज अडवणारं मोठं जाडजूड प्रकरण लावून खेळलेला आहे. म्हटलं त्याला चालतं तर आपल्याला का नाही. पण मला स्वतःचा क्यू बॉलवर लागल्याचा आवाज हवा असतो, तो गेला की शॉटचा अंदाजच जातो. शिवाय डोळ्यांना दिसायचं ते दिसतंच. सोडून दिले.

आता एकच करते. कोणी शॉटच्या मधे बोललं की पूर्ण उभी राहते, त्याच्याकडे वळते आणि खरंच ऐकल्यासारखं विचारते, "काय म्हणालात?" आणि थांबते. सगळं टेबल त्याच्याकडे बघायला लागतं. "काही नाही, काही नाही." दुसऱ्यांदा करायला फार कमी जण धजतात.

रोखठोक_७७ | मंगळवार, सकाळी १०:३०

ताई, प्रेक्षकांचं तुम्ही म्हणता ते मान्य. माझा रोख खेळाडूंपुरता होता. तरी माझं मत तेच, बाहेर कोण काय करतो यावर आपला ताबा नाही. मॉस्कोनी कप बघा. १९९४ पासून अमेरिका विरुद्ध युरोप, ३० सेकंदांचं शॉट क्लॉक (तेवढ्यात शॉट मारायचाच), आणि प्रेक्षक अक्षरशः गात असतात. तिथे खेळतातच ना पोरं?

चॉकची_निळी_बोटं | मंगळवार, दुपारी ४:२०

रोखठोक, मॉस्कोनीचा गोंगाट आणि किल्ली यांत फरक आहे. मागच्या गणपतीच्या आधी आमच्या पार्लरच्या वरच्या मोकळ्या मैदानावर ढोलपथकाचा सराव चालायचा. तळघराचं छत हलायचं. त्या पंधरा दिवसांत मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पूल खेळलो! सलग आवाज मेंदू थोड्या वेळाने बाजूला टाकतो. त्रास होतो तो बदलाचा. शांतता असताना अचानक आलेला शब्द, स्थिर चित्रात मधेच हललेला पांढरा टी-शर्ट. आणि तो मुद्दाम आपल्यासाठीच केलाय हे कळलं की दुप्पट. डोक्याचा निम्मा भाग बॉलवर, निम्मा त्या माणसाच्या आईवडिलांवर.

कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या जोन विकर्स यांनी नेमाच्या खेळांतल्या नजरेवर बरीच वर्षं काम केलंय. चांगले खेळाडू हालचाल सुरू करायच्या आधी शेवटची नजर एका जागी जास्त वेळ स्थिर ठेवतात, असं त्यांना दिसलं. पुढे बिलियर्ड्सच्या टेबलवरही हे तपासलं गेलं. निष्णात खेळाडूंची ती शेवटची नजर नवशिक्यांपेक्षा लांब असते, आणि शॉट अवघड तशी ती आणखी लांबते. शार्किंग करणारा नेमका त्याच क्षणावर घाव घालतो. त्याला हे शास्त्र ठाऊक नसतं, पण क्यू मागे गेला की बोलायचं हे बरोबर ठाऊक असतं.

म्हणून उठायचं. आणि अर्धवट उठायचं नाही, हे महत्त्वाचं. बहुतेक जण क्यू थांबवतात, तिथेच वाकलेले राहतात, मनात शिवी देतात आणि उरलेला शॉट मारतात. तो शॉट शिवीचाच असतो. सरळ उभं राहा, टेबलापासून एक पाऊल मागे घ्या, चॉक लावा, बॉलची रेषा नव्याने बघा, ब्रिज हँड (क्यूला आधार देणारा पुढचा हात) नव्याने टेका, तुमचे ठरलेले दोन किंवा तीन सराव-स्ट्रोक पहिल्यापासून मोजा. फार तर पंधरा सेकंद जातात. माझे तीन असतात. दोनवर व्यत्यय आला तर पुढे तीन नाही, परत एक.

कौतुकाचं विष मात्र वेगळं, ते शॉटच्या मधे येत नाही त्यामुळे उठून काही होत नाही. कोपर म्हटलं की कोपर, ब्रिज म्हटलं की ब्रिज. यावर मला एकच उतारा सापडला. "थँक यू" म्हणायचं आणि लगेच स्वतःला टेबलावरचा प्रश्न विचारायचा: व्हाईट कुठे थांबवायचा? शरीराकडे गेलेलं लक्ष नुसतं "जाऊ दे" म्हणून परत येत नाही, त्याला जायला दुसरी जागा द्यावी लागते.

आम्ही तिघं मित्र दर बुधवारी याचा सराव करतो. एक जण खेळणार, बाकी दोघांनी काहीही करायचं. टेबलाला आणि बॉलला हात लावायचा नाही एवढाच नियम. नाणी, खोकला, मोबाईलची रिंगटोन, ऑफिसातल्या साहेबाची नक्कल. पाच बॉल सलग पाडले तर बाकीच्यांनी चहा पाजायचा. पहिला महिना मी स्वतःचाच चहा पीत होतो.

जुना_क्यू | मंगळवार, रात्री ९:०५

पोरांनो, वय झालं, उशिरा वाचतो.

मी देवळाली कॅम्पात बिलियर्ड्स शिकलो, पूल तेव्हा इकडे कोणी खेळत नव्हतं. आमच्या मार्करने मला पहिले दोन आठवडे क्यूला हात लावू दिला नाही. बसायला शिकवलं. हसू नका. बिलियर्ड्समध्ये समोरचा चांगला असला तर अर्धा तास टेबल सोडत नाही. तेवढा वेळ तुम्ही खुर्चीत असता. क्यू मांडीवर आडवा नाही, उभा, दोन्ही पायांमध्ये. समोरचा वाकला की तुम्ही हलायचं नाही. त्याच्या रेषेत असाल तर तो वाकायच्या आधी बाजूला व्हायचं. चॉक खिशात. शॉट चांगला झाला तर बोटांनी क्यूवर किंवा खुर्चीच्या हातावर टकटक, तीही बॉल थांबल्यावर.

पुण्यात जन्मलेला विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेता झाला, पुन्हा १९६४ ला न्यूझीलंडमध्ये. भारताचा पहिला जगज्जेता. आमच्या मार्करला त्याचं फार. प्रत्येक गोष्टीत "जोन्ससाहेब असं बसले असते का?" त्याने जोन्सला प्रत्यक्ष बसलेलं कधी पाहिलं होतं का, हे विचारायची आमची छाती झाली नाही.

नेमबाज, तू खुर्चीत कसा बसतोस?

तळघर_टेबल_तीन | मंगळवार, रात्री ९:४०

काकांनी विचारलंच आहे तर मी बोलतो. शनिवारी मी पलीकडच्या टेबलवर होतो.

नेमबाजभाऊ, तुमचं सगळं खरं आहे. घड्याळाचा प्रकार मी पाहिला, हलकटपणा होता. पण तिसऱ्या-चौथ्या रॅकला तुम्ही खुर्चीत बसून क्यूचा बुंधा फरशीवर ठोकत होतात. टक. टक. टक. समोरचा वाकला तरी चालूच. त्याने दोनदा मान वर करून तुमच्याकडे पाहिलं, तुमचं लक्ष नव्हतं. किल्ली त्यानंतर सुरू झाली.

गोदाकाठचा_नेमबाज | मंगळवार, रात्री ९:५५

शक्य नाही. मी असं करत नाही.

सातपूरचा_सँडी | मंगळवार, रात्री १०:०१

धागा रंगात आला. मिसळ मागवतो, पापड कोणाला हवाय?

गोदाकाठचा_नेमबाज | शुक्रवार, रात्री ११:१०

बरं.

काल मित्राला सांगून मोबाईलवर व्हिडिओ काढला, फक्त मी बसलेला असतानाचा. अकरा मिनिटांत मी चार वेळा ठोकलंय. एकदा तर तो अगदी शॉट मारत असताना. मला जराही जाणीव नव्हती. मी हरत असलो की सुरू होतं आणि जिंकत असलो की बंद, हे अजून वाईट, कारण मग ते मुद्दाम केल्यासारखंच दिसतं.

टेबल तीन, परवाच्या उत्तराबद्दल सॉरी.

पण मग तो बोलला का नाही?

मार्कर_होतो | शुक्रवार, रात्री ११:४५

तू बोलला होतास का?

जुना_क्यू | शनिवार, सकाळी ६:३०

पार्लरच्या क्यूंच्या बुंध्याचं रबर कधीच निघून गेलेलं असतं, लाकूड थेट फरशीवर वाजतं. माझ्या काठीच्या टोकाला असतं तसं रबर लावून घे. मेडिकलमध्ये मिळतं.

गोदाकाठचा_नेमबाज | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री १०:१५

धागा वर काढतोय. काल परत स्पर्धा, परत तेच तळघर आणि ड्रॉमध्ये दुसऱ्याच फेरीला तोच भिडू.

सामन्याआधी मार्करला सांगून दोन्ही खुर्च्या काउंटरकडे घेतल्या. त्याच्याशीही बोललो. म्हटलं, गेल्या वेळी माझा क्यू वाजत होता, मला माहीत नव्हतं, आज वाजणार नाही. तो नुसता "बरं" म्हणाला. किल्लीचं मी काही काढलं नाही, त्यानेही नाही.

पहिले चार रॅक तो खुर्चीत बसून होता. पाचव्याला उठून पॉकेटमागे आला. मी वाकलेलो होतो, सरळ उभा राहिलो, चॉक लावला, त्याच्याकडे बघितलं नाही. तो बाजूला झाला. सातव्याला "भारी जमतंय आज" आलं. थँक यू म्हणालो, आणि चॉकवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे व्हाईट कुठे थांबवायचा ते बघत बसलो. थांबला भलतीकडेच, पण तो माझ्या स्पिनचा दोष. ५-३ ने जिंकलो, तिसऱ्या फेरीत एका कॉलेजच्या पोराने ५-० ने धुतला. त्या पोराने तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

काका, काठीचं रबर बसलं नाही, लहान पडलं. स्टीलच्या खुर्चीच्या पायाला लावतात ते हार्डवेअरच्या दुकानात मिळालं, ते फिट बसलं. सामना संपल्यावर त्याने माझा क्यू उलटा करून पाहिला आणि विचारलं, हे कुठून आणलंस. दुकान सांगितलं.

जुना_क्यू | सोमवार, सकाळी ६:१०

किती एमएमचं बसलं?

गोदाकाठचा_नेमबाज | सोमवार, सकाळी ९:२०

३२. एक जास्तीचं आणलंय, हवं असेल तर कॅम्पात आणून देतो.